गावाच्या जमिनीवर स्थानिक वृक्षांचा संग्रह उभारायचा आहे: नोंदी, संशोधन आणि लोकांसाठी उपक्रम कसे आखावेत?

बोडीकाठ (कुरखेडा तालुका, गडचिरोली)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या ताब्यातील सुमारे सहा एकर जमीन मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत पसरलेली आहे. तलावाकडचा भाग ओलीचा आणि भारी मातीचा आहे, मधला पट्टा हलका व मुरमाड आहे, तर टेकडीकडे निव्वळ खडक आहे. या जमिनीवर दरवर्षी पावसाळ्यात वृक्षारोपण होते आणि उन्हाळ्यात गुरे व ऊन यांच्या तावडीतून जे सुटेल तेवढेच उरते. यंदाच्या ग्रामसभेत असा ठराव झाला की सरसकट रोपे लावण्याऐवजी आपल्या भागातील वृक्षांचा कायमचा संग्रह उभारावा, ज्यातील प्रत्येक झाडाची ओळख लिहिलेली असेल, जिथे महाविद्यालयातील विद्यार्थी अभ्यासासाठी येऊ शकतील आणि जो गावातल्या कोणालाही केव्हाही पाहता येईल. मी गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची सदस्य असल्यामुळे आराखडा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

मला प्रामुख्याने हे जाणून घ्यायचे आहे की साधी वनराई आणि अभ्यासयोग्य वृक्षसंग्रह यांत नेमका कोणता फरक असतो, सुरुवात किती जातींपासून करावी, आणि झाडांना क्रमांक देण्याची व नोंदी ठेवण्याची पद्धत कशी असावी. काही ग्रामस्थांचे म्हणणे आहे की शंभर जातींचा आकडा गाठला नाही तर बाहेरचे कोणी येणार नाही. मला ते पटत नाही, परंतु उत्तर देण्याइतकी माहितीही माझ्याकडे नाही. ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वनस्पतीशास्त्र_अमरावती

ताई, ठराव वाचून फार आनंद झाला. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवले आहे आणि माझ्या मते आपल्या पहिल्या प्रश्नातच बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आहेत. वनराईतील झाड सावली देते, फळ देते, आणि तेवढ्याने तिचे काम पूर्ण होते. संग्रहातील झाडाविषयी मात्र ते कोणत्या जातीचे आहे, त्याचे बी कोणत्या गावाच्या कोणत्या जंगलातून, कोणत्या मातृवृक्षावरून, कोणत्या महिन्यात आणि कोणी आणले, हे पन्नास वर्षांनंतर येणाऱ्या अनोळखी माणसालाही सांगता आले पाहिजे. ही माहिती नसेल तर संशोधकाला त्या झाडाचा उपयोग फारच थोडा होतो, कारण त्यावर केलेले कोणतेही मोजमाप कोठल्या मूळ झाडांना लागू करावे हे त्याला कळत नाही.

अमेरिकेतील बोस्टन शहरात हार्वर्ड विद्यापीठाचे अर्नोल्ड आर्बोरेटम, म्हणजे वृक्षसंग्रह, १८७२ पासून आहे. तेथे प्रत्येक खेपेला, म्हणजे एका वेळी एका ठिकाणाहून आणलेल्या बियांना किंवा रोपांना, एक क्रमांक मिळतो आणि त्या खेपेतून वाढलेल्या प्रत्येक झाडाला त्याच क्रमांकापुढे एकेक अक्षर मिळते. आपणही हीच पद्धत साधेपणाने वापरावी. समजा २०२६ मध्ये आणलेली चौदावी खेप बिजाच्या बियांची असेल, तर तिचा क्रमांक २०२६-१४ होईल आणि तिच्यातील झाडे २०२६-१४-अ, २०२६-१४-आ अशी नोंदवली जातील. झाड मेले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला कधीही देऊ नये. ते केव्हा व कशाने मेले हेदेखील नोंदवावे, कारण कोणती जात कोणत्या मातीत तगत नाही याची माहिती त्यातूनच जमा होते.

अशा नोंदींतून काय साधते याचे एक उदाहरण देतो. वनस्पतीशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच संग्रहातील झाडांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी तेथील झाडांच्या फुललेल्या फांद्या वाळवून, तारीख घालून जपून ठेवलेल्या होत्या. त्या तारखा त्यांनी तीच झाडे आता केव्हा फुलतात याच्याशी ताडून पाहिल्या, आणि १९०० ते १९२० या काळाच्या तुलनेत १९८० ते २००२ या काळात झाडे सरासरी आठ दिवस आधी फुलू लागल्याचे त्यांना दिसले. ते नमुने गोळा करणाऱ्यांच्या मनात हवामानबदलाचा विचार असण्याचे कारणच नव्हते; त्यांनी तारीख व झाडाचा क्रमांक लिहून ठेवला होता, इतकेच. आपल्याकडे मोह, पळस आणि चारोळी यांच्या फुलण्याच्या अशा शंभर वर्षांच्या नोंदी असत्या तर विदर्भातील उन्हाळ्याविषयी आपण आज कितीतरी ठामपणे बोलू शकलो असतो.

जातींच्या आकड्याविषयी मी आपल्याशी सहमत आहे. शंभर जातींचे एकेक झाड लावण्यापेक्षा तीस-पस्तीस जातींची प्रत्येकी आठ-दहा झाडे वेगवेगळ्या मातृवृक्षांपासून वाढवावीत. तेंदूमध्ये नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, त्यामुळे एकच झाड लावले तर त्याला कधीच फळ न लागण्याची शक्यता आहे. आणखी एक गोष्ट ग्रामसभेत अवश्य सांगावी. जगभरातील वनस्पती उद्यानांचा २०१७ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला त्यानुसार समशीतोष्ण प्रदेशातील सुमारे साठ टक्के वनस्पतीजाती कोठल्या ना कोठल्या उद्यानात जपलेल्या आहेत, परंतु उष्ण प्रदेशांतील जेमतेम पंचवीस टक्के. म्हणजे उणीव नेमकी आपल्यासारख्या प्रदेशात आहे, आणि चांगल्या नोंदींचा छोटा संग्रहही येथे खरोखर उपयोगी पडेल.

रोपवाटिका_तुमसर

ताई, आमच्या महिला बचत गटाची रोपवाटिका आहे, म्हणून बियांच्या बाजूने लिहिते. वर सरांनी सांगितलेली नोंद रोप लावताना सुरू केली तर उशीर झालेला असतो. ती बी उचलतानाच सुरू व्हायला हवी. प्रत्येक मातृवृक्षाचे बी वेगळ्या पिशवीत ठेवावे, चिठ्ठी पिशवीच्या आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे असावी, आणि ती शिसपेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई पाणी लागताच पसरते. दोन मातृवृक्षांमध्ये शंभर मीटरांहून अधिक अंतर असेल तर बरे, नाहीतर शेजारची झाडे बहुधा एकाच झाडाच्या वंशातली निघतात.

मोहाचे बी साठवता येत नाही. टोळ, म्हणजे मोहाचे फळ, पिकून गळाले की त्यातील बी ताजे असतानाच, म्हणजे जून-जुलैमध्येच पेरावे लागते. घरात वाळवून ठेवलेले बी पुढच्या वर्षी उगवत नाही. ज्या जातींचे बी कोरड्या थंड पेटीत वर्षानुवर्षे ठेवता येते त्यांच्यासाठी बियाण्यांची पेढी पुरेशी ठरते, परंतु मोहासारख्या जातीसाठी जमिनीत उभे असलेले झाड हाच खरा साठा आहे. मोहाचे सोटमूळ फार लवकर खोल जाते आणि पिशवीत वळसे घेते, म्हणून आम्ही शक्यतो कायमच्या जागीच बी टोकण्याचा सल्ला देतो. सागाचे बी टणक असल्यामुळे ते आळीपाळीने भिजवून व उन्हात वाळवून पेरावे लागते. बाजारात सागजडी (सागाच्या रोपाचे छाटलेले मूळ-खोड) सहज मिळते, परंतु तिचे मूळ ठिकाण कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे संग्रहासाठी ती घेऊ नये. चारोळीचे कवच हलक्या हाताने फोडून आतील बी न दुखावता पेरले तर उगवण सुधारते. सालईचे बी फार कमी उगवते. तिच्या जाड फांद्या लावून पाहाव्यात.

चारोळीकडे विशेष लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. भाव चांगला मिळतो म्हणून कच्ची फळे ओरबाडली जातात, प्रसंगी फांद्याच तोडल्या जातात, आणि जंगलात नवी रोपे दिसेनाशी झाली आहेत. आपल्या संग्रहात तिचे दहा-पंधरा मातृवृक्षांचे वंशज उभे राहिले, तर पुढे आसपासच्या गावांना खात्रीचे बी तेथूनच मिळेल.

सागवान_सेवानिवृत्त (आलापल्ली)

मी वन विभागात क्षेत्रीय पदावर काम केले आहे. वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु पहिले रोप लावण्यापूर्वी जमिनीचे अभिलेख तपासून घ्यावेत. ग्रामपंचायतीच्या ताब्यातील बरीचशी पडीक जमीन आपल्या भागात झुडपी जंगल म्हणून नोंदलेली असते, आणि झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच मानाव्यात असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आहे. तशी नोंद असल्यास स्थानिक झाडे लावण्याला कोणाचा विरोध होईल असे मला वाटत नाही, तरीही कुंपण, पायवाट किंवा एखादी खोली बांधण्यापूर्वी वन विभागाशी लेखी पत्रव्यवहार करणे आवश्यक ठरेल. आसपासच्या राखीव जंगलातून बी आणायचे असेल तर तीही परवानगी त्याच पत्रात मागावी. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर गौण वनोपज गोळा करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहेच, आणि मग काम बरेच सुकर होते.

वर उल्लेख आलेल्या बोस्टनच्या संग्रहाबाबत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तेथील जमीन शहराच्या मालकीची आहे आणि १८८२ मध्ये ती विद्यापीठाला हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे; रस्ते व सुरक्षा शहराने पाहायची, झाडे विद्यापीठाने सांभाळायची आणि लोकांना प्रवेश विनामूल्य ठेवायचा, अशी ती व्यवस्था आहे. हजार वर्षे राहू द्या, पण ग्रामपंचायत, शाळा आणि एखादे महाविद्यालय यांच्यात तीस वर्षांचा लेखी करार झाला तरी सरपंच बदलल्यावर जमीन दुसऱ्या कामाला जाण्याची भीती उरणार नाही.

संरक्षणाचे म्हणाल तर गुरांसाठी चर खोदावा आणि त्याच्या आतल्या बाजूने सागरगोट्याचे जिवंत कुंपण वाढवावे. फेब्रुवारी उजाडण्यापूर्वी चहूबाजूंनी जाळरेषा, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, साफ झाली पाहिजे. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवण्याची प्रथा आपल्याकडे आहे आणि कित्येक वणवे तेथूनच पसरतात, त्यामुळे संग्रहात पाला झाडूनच वेचणी होईल असा नियम ग्रामसभेने स्वतः करावा. तो नियम बाहेरून लादला गेला तर कोणी पाळणार नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे प्रत्येक आळ्यात पाण्याचे मडके पुरावे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे.

जागेची वाटणी जमीनच सांगते आहे. तलावाच्या पाळीखाली अर्जुन आणि कळंब, मधल्या पट्ट्यात साग, बिजा, ऐन, धावडा, तेंदू, मोह, शिवण, आणि खडकावर सालई, कांडोळ, गणेर. पाणी साचणाऱ्या भारी मातीत साग लावण्याचा आग्रह कोणी धरला तरी मान्य करू नये. बिब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, म्हणून तो पायवाटेपासून दूर असावा. आलापल्लीचे सुमारे सहा हेक्टरांचे जुने वन, जे ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून ओळखले जाते आणि ज्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, ते समितीने एकदा अवश्य पाहावे. आपल्या भागातील झाडे न तोडता वाढू दिली तर कोणती उंची व घेर गाठतात, हे तेथे उभे राहिल्यावर कळते.

नागपूर_उद्यानप्रेमी

फार चांगला उपक्रम आहे. नागपूरचे महाराजबाग आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान समितीने पाहून घ्यावे असे सुचवतो. मात्र लोक यावेत असे वाटत असेल तर गुलमोहर, रक्तचंदन, चंदन, बाहेरून आणलेली फुलझाडे असे काही आकर्षणही ठेवावे. फक्त जंगलातली झाडे पाहायला जंगलाशेजारचे लोक कशाला येतील?

वनस्पतीशास्त्र_अमरावती

आपला प्रश्न रास्त आहे, परंतु मी वेगळे मत मांडतो. कोणताही संग्रह आपण काय जमवणार हे आधी लिहून ठरवतो, आणि त्या मर्यादेमुळेच तो अभ्यासकांच्या उपयोगाचा होतो. कुरखेड्याच्या आसपासचे वृक्ष ही मर्यादा ठरली असेल तर गुलमोहर शाळेच्या अंगणात शोभेल, संग्रहात नको. रक्तचंदन पूर्व घाटातील, प्रामुख्याने आंध्र प्रदेशाच्या डोंगरांतील आहे. चंदन दुसऱ्या झाडांच्या मुळांवर अंशतः पोसले जाते आणि चोरांनाही बोलावते, त्यामुळे गावाच्या पहिल्या वर्षांच्या डोक्यावर तो भार नसावा. जमिनीवर आधीपासून जी झाडे उभी आहेत ती मात्र परदेशी असली तरी लगेच तोडू नयेत. त्यांनाही क्रमांक द्यावा आणि मूळ ठिकाण अज्ञात असे स्पष्ट लिहावे.

गुरुजी_झरी (यवतमाळ)

जंगलाशेजारचे लोक कशाला येतील, याचे उत्तर मी शाळेच्या अनुभवातून देतो. आमच्या विद्यार्थ्यांना तेंदूचे पान दुरून ओळखता येते, कारण घरचे सर्व जण मे महिन्यात पाने तोडायला जातात. परंतु रोहन, भेरा, हळदू, तिवस ही झाडे आजोबांना माहीत आहेत आणि नातवाला नाहीत. संग्रहाचा पहिला लोकोपयोगी कार्यक्रम म्हणजे ही ओळख पुढे देणे, आणि ती देणारी माणसे गावातच आहेत. झाडांची फेरी वनोपज गोळा करणाऱ्या आयाबायांनी घ्यावी, त्यांना त्याचे मानधन मिळावे, आणि महाविद्यालयातील प्राध्यापकांनी त्या फेरीत शास्त्रीय बाजू सांगावी. फलकावर मराठी आणि शास्त्रीय नावाबरोबर गोंडी नावही असावे, आणि ते गावातील ज्येष्ठांना विचारून, ज्या गावात जसे म्हणतात तसे लिहावे.

उपक्रमांचे वेळापत्रक शेती आणि जंगल यांच्या कामांवर बसवावे लागते. धानाची रोवणी चालू असताना कोणी येत नाही, मोहाच्या दिवसांत सकाळ रिकामी नसते आणि तेंदूच्या हंगामात घरे ओस असतात. त्यामुळे मोठी फेरी पळस फुलल्यावर, मोह गळायला लागण्याआधी घ्यावी. बियांची देवाणघेवाण मृग लागण्याच्या सुमारास करावी. आणि बाहेरच्या शाळांच्या सहली दिवाळीनंतर बोलवाव्यात, कारण तेव्हा हवा सोसवते आणि बरीच झाडे पानावर असतात.

मुलांसाठी मी एकच काम सुचवतो आणि ते मनापासून सुचवतो. संग्रहातील दहा-बारा झाडे नेमून द्यावीत आणि दर शनिवारी त्याच झाडांवर कोवळी पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे आणि पानगळ यांपैकी काय दिसते ते वहीत लिहावे. काहीच दिसले नाही तर तसेही लिहावे. रिकामी ओळ ही नोंद नसलेली ओळ समजली जाते. ‘सीझनवॉच’ नावाचा देशव्यापी उपक्रम याच पद्धतीने शाळांकडून वृक्षांची निरीक्षणे गोळा करतो, त्यात गावाची शाळा सहभागी होऊ शकते. नवी रोपे फुलायला बरीच वर्षे लागतील, म्हणून सुरुवात गावाभोवतीच्या मोठ्या झाडांपासून करावी आणि त्यांनाही संग्रहाच्या वहीतच क्रमांक द्यावा.

बोडीकाठ (कुरखेडा तालुका, गडचिरोली)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल समितीच्या वतीने आभार मानते. सातबारा काढायला दिला आहे. तेंदू आणि चारोळी यांचे मातृवृक्ष कोणते निवडावेत हे ठरवण्यासाठी वनोपज गोळा करणाऱ्या महिलांची बैठक घेत आहोत, कारण कोणत्या झाडाची चारोळी गोड आणि कोणते झाड दरवर्षी फळते हे त्यांनाच ठाऊक आहे. मला दोन शंका उरल्या आहेत. समितीचे सदस्य पाच वर्षांनी बदलतात, तेव्हा नोंदवही कोणाकडे सुरक्षित राहील? आणि झाडांवर लावायचे क्रमांकाचे धातूचे पत्रे भंगारात जाण्याची भीती आहे, त्यावर उपाय काय?

वनस्पतीशास्त्र_अमरावती

नोंदवहीच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि दुसरी ज्या महाविद्यालयाशी करार होईल त्याच्या वनस्पतीशास्त्र विभागात असावी, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, दोन्ही प्रती प्रत्यक्ष झाडांशी ताडून पाहाव्यात. आपल्या जिल्ह्यातील गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये यासाठी सोयीची पडतील. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे आपल्या समितीचेच काम आहे, तेव्हा संग्रहातील जाती व त्यांविषयीची लोकांची माहिती तिच्यातही उतरवावी. बाहेरचा संशोधक आला तर त्याने समितीला कळवून काम करावे आणि निष्कर्षाची प्रत गावाला द्यावी, ही अट पहिल्या दिवसापासून असू द्या. नागपूर येथे राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आहे, तेथून मार्गदर्शन मिळू शकेल.

पत्र्यांऐवजी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी सिमेंटचा छोटा खांब रोवून तो ओला असतानाच त्यावर क्रमांक कोरावा. त्याला भंगारात किंमत नाही. खिळा मात्र झाडाला कधीही ठोकू नये आणि तार बांधलीच तर ती सैल असावी, कारण दोन-तीन वर्षांत साल तिला गिळते. याशिवाय पाळीपासून खडकापर्यंतचा, सर्व क्रमांक दाखवणारा एक नकाशा काढून ठेवावा. खांब उखडला गेला तरी झाड कोणते ते त्यावरून कळेल.

प्रत्येक जातीची फुला-फळांसह फांदी वर्तमानपत्रात दाबून, कागद रोज बदलत वाळवावी आणि सुमारे ४२ गुणिले २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवून त्यावर झाडाचा क्रमांक, तारीख व जागा लिहावी. प्रत्येकीच्या दोन प्रती कराव्यात. ज्या जातींच्या ओळखीबद्दल शंका असेल त्यांची दुसरी प्रत भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील केंद्राला दाखवता येईल. ते केंद्र १९५५ पासून पश्चिम भारतातील वनस्पतींचे काम करते. तोपर्यंत महिलांच्या बैठकीतून जी यादी निघेल ती गोंडी व मराठी नावांसह येथेच टाकावी. शास्त्रीय नावे तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन.